रिकाम्या गाडीची हवा

टायरच्या कडेवर ऐंशी लिहिलंय.
ते टायरचं झालं, व्हर्जिल म्हणाला,
जास्तीत जास्त किती सोसेन, एवढंच सांगतोय तो.
राहायचं कितीवर, ते गाडीला विचार.
आणि ड्रायव्हरचं दार उघडून त्यानं
थुंकीच्या बोटानं धूळ पुसली स्टिकरवरची:
पुढे पंचावन्न, मागे सत्तर.
हे भरल्या गाडीचं. तुझी भरलेली असते?

उद्या असेल, मी म्हटलं.
त्यानं पुढचं विचारलं नाही.
स्कॉट्सब्लफ लहान गाव आहे.

पहाटे पाचला गेज घेऊन अंगणात बसलो.
टायर गार असतानाच मोजायचं,
ऊन एका अंगावर पडायच्या आत,
नाहीतर डावं-उजवं दोन्ही खोटं बोलतात.
कारखान्याकडून बीटचा वास येत होता,
मातकट, उकडलेला, मिरजेच्या गुऱ्हाळाचा कुणीच न लागणारा.
तिथे सायकलवाल्या दत्तूभाऊंचा अंगठाच गेज.
दाबायचे, मान तिरकी करायचे, म्हणायचे,
झाली. घरापर्यंत पुरेल.

कॉम्प्रेसर धडधडत होता
आणि वरच्या बाथरूमचा दिवा लागला होता.
वैजयंती उठली होती.

भट्टी आम्ही चौघांनी चढवली,
मग चिकणमातीच्या चाळीस पिशव्या,
झिलईच्या बरण्या जुन्या रजईत.
गाडी मागून बसली. दिवे आभाळाकडे झाले.
बाराशे अंशांना मातीचं काय होतं हे तिला ठाऊक,
सत्तर पौंडांना हवेचं काय होतं हे मला.
बारा वर्षं एवढ्या वाटणीवर निघाली,
पुढे नाही निघाली.

जाताना गाडी इतकी छान चालली,
डेन्व्हरच्या पुढे तिला झोप लागली.

सांता फे. मैत्रिणीची शेड. चहा.
हळू जा, म्हणाली.
एरवी पुढे ये असायचं,
तेवढं मोजून गाळलं तिनं.

परतताना हौद्यात फक्त दोर
आणि मागे तेच सत्तर पौंड.
रस्त्याचा प्रत्येक सांधा कण्यात वाजला.
थर्मास नाचला, आरसा थरथरला,
त्यात दिसणारं सगळं दोन दोन.
रटॉनच्या घाटात कडेला थांबलो,
गुडघे टेकून टोपण काढलं,
आणि टायरला हात लावला. तापलेला.

तापलेल्या टायरची हवा काढू नकोस.
हेही व्हर्जिलनंच सांगितलेलं,
काहीतरी वेगळंच शोधत असताना, पाठमोरा.
आत्ता बरोबर वाटेल,
सकाळी बघशील तर बसलेला.

टोपण परत लावलं.
ट्रिनिडाडला चाळीस डॉलरची खोली घेतली,
रात्रभर खिडकीतून गाडी बघत राहिलो,
जणू तिला ताप होता.

सकाळी काचेवर दव गोठलेलं. गेज: एकोणसत्तर.
किल्लीच्या टोकानं पिन दाबली.
फुसकन नाही, लांब, एकसुरी,
आमच्या अंगणातली हवा निघाली,
त्या दिवशीची, पाच वाजताची,
वरचा दिवा लागलेला असतानाची.
रबराचा वास, आणि जरासा बीटचा.
की मला वाटलं.
पंचेचाळीसला बोट काढलं.

व्हर्जिलनं खडूनं टायरवर आडवी रेघ ओढली.
सरळ जा, कारखान्याच्या फाटकापर्यंत, आणि ये.
आलो. रेघ दोन्ही कडांना तशीच,
मधे पुसलेली.
अजून जास्त आहे, तो म्हणाला,
तू फक्त मधल्यावर चालतोयस.

किती काढू?
त्यानं खांदे उडवले, खडू माझ्या हातात दिला.
काढ थोडी. रेघ ओढ. चालव. बघ.

खडू अजून ग्लव्हबॉक्समध्ये आहे,
अर्धा झालाय.